सुतकाचे मास्तर

जिन्यातून "येतोय हं, येतोय" असा आवाज आला की आमच्या चाळीतला खेळ जागच्या जागी थांबायचा. लगोरी रचणारा हात तसाच राहायचा. नळावरच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आवाज पहिल्या मजल्यावर वळला की दुसऱ्या मजल्यावरची माणसं श्वास सोडायची, आणि दुसऱ्यावर न थांबता वर चढू लागला की तिसऱ्या मजल्यावरच्या आया नकळत आपापली पोरं मोजायच्या.

तो आवाज आमच्या चाळीतल्या मास्तरांचा. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि तळमजल्यावर एकटेच राहायचे. घोडपदेवच्या त्या आमच्या चाळीत, नाहीतर आसपासच्या गल्लीत, कुणाच्या घरी माणूस गेलं आणि त्या घरात लहान मूल असलं, की मास्तर तिथं जायचे. मोठ्यांना भेटायला नाही, मुलांना. नातं नाही, गोतं नाही, कुणी बोलावलेलं नाही. सरळ आत जाऊन मुलाशेजारी मांडी घालून बसायचे. म्हणून आम्ही त्यांना सुतकाचे मास्तर म्हणायचो. अर्थात पाठीमागे.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल का, शंका वाटते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेजात मुली आपापल्या आवडत्या माणसांबद्दल बोलतात तेव्हा मी गप्प राहते. मला जो माणूस आठवतो तो आवडता होता असं मला म्हणता येत नाही. मी त्यांना फार घाबरायचे. मास्तर आता नोकरी संपवून गावी गेलेत, पण अजूनही जिन्यात कुणी मोठ्यानं बोलत चढू लागलं की तो आवाज कुठल्या मजल्यावर वळतोय ते मी ऐकत राहते.

दिसायला ते घाबरण्यासारखे मुळीच नव्हते. उंच, किंचित वाकलेले, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि खिशात रंगीत खडूंचे तुकडे. शेजारच्या शेवंताकाकू एकदा त्यांना म्हणाल्या, "मास्तर, ओरडत कशाला चढता हो? काळजाचं पाणी होतं."

"अंगावर एकदम जाऊ नये," मास्तर म्हणाले. "ज्या घरात जातो तिथली माणसं आधीच दचकलेली असतात."

"आणि आम्ही मधल्यामध्ये मरायचं?"

"मेलात तर तुमच्याकडेही येईन."

काकूंनी हातातली बादली आपटली. पण मास्तर विनोद करत नव्हते. खरंच सांगत होते. काकूंना दोन नातवंडं होती.

आमच्याकडची रीत अशी की घरात कुणी गेलं की आधी मुलांना शेजाऱ्यांकडे पाठवायचं. तिथं त्यांना खाऊ द्यायचा, खेळायला लावायचं, आणि सगळं आटोपलं की परत आणायचं. "आजी देवाघरी गेली" एवढंच सांगायचं, तेही कुणी विचारलं तर. मास्तरांना ही रीत अजिबात खपायची नाही. ते शेजाऱ्यांच्या घरातून मुलाला उठवून परत आणायचे. सुतकात घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या घरातून चहा करून घ्यायचे. पण किटली त्या मुलाच्या हातात द्यायचे. "रडणाऱ्याचा घसा सुकतो. तुझ्या काकाला दे. आता आत्याला दे." मूल कप घेऊन रडणाऱ्या माणसांतून हिंडायचं. मी एकदा गॅलरीतून ते बघितलं आणि मला ते फार निर्दय वाटलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी गेली. तिरडी बांधत होते. त्या मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आजीला भाजेल ना?" तिच्या काकानं तिच्या पाठीत धपाटा घातला. मास्तर काकाला म्हणाले, "प्रश्न तुम्हाला आवडला नाही की उत्तर येत नाही?" मग तिला जवळ घेऊन म्हणाले, "आजीचा हात धरून बघ. गार आहे ना? तुझा हात धरलाय हे तिला कळतंय का?" ती म्हणाली, "नाही." "मग चटकाही कळणार नाही." त्या मुलीनं नंतर मला सांगितलं की त्या दिवशी तिला झोप लागली. मला मात्र ते ऐकून झोप लागली नाही.

त्यांचा एक नियम होता. कोण गेलं, कसं गेलं, हे ते स्वतः मुलाला कधीच सांगायचे नाहीत. "सांगायचं घरच्यांनी. मी बसायला." आल्यावर मुलाला एवढंच विचारायचे, "तुला काय सांगितलंय?" आणि उत्तर ऐकून घरातल्या मोठ्या माणसांकडे असं बघायचे की त्यांना तिथून उठून जावंसं वाटे.

लग्नाला, बारशाला त्यांना कुणी बोलवत नसे. त्यांचं पाऊल वाईट, असं ठरूनच गेलं होतं. कुणीतरी त्यांच्या दाराला लिंबूमिरची बांधली. मास्तरांनी लिंबू सोडून सरबत केलं, गॅलरीतल्या मुलांना कपाकपानं दिलं, आणि मिरची भाकरीबरोबर खाल्ली. "बांधणाऱ्याला सांगा, पुढच्या वेळी लिंबू जरा रसदार आणा." ज्या मुलांनी ते सरबत प्यायलं त्यांच्या आयांनी संध्याकाळी त्यांची दृष्ट काढली. मीही प्यायले होते.

आणि ते चुकायचेही. पहिल्या मजल्यावरचे एक म्हातारे तात्या उन्हानं घेरी येऊन पडले, बायका ओरडल्या, आणि मास्तर "येतोय हं" करत हजर झाले. तात्यांच्या नातवाशेजारी जाऊन बसले. तेवढ्यात तात्यांनी डोळे उघडले. मास्तरांना बघून म्हणाले, "काय मास्तर, जरा घाई झाली का?" अख्खी चाळ हसली. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे मी तिला किती घट्ट धरून बसले होते, ते मलाच माहीत.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि माझा भाऊ बंडू सहा. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी दिल्लीहून आली होती आणि गिरण्यांतली, चाळींतली माणसं रस्त्यावर उतरली होती. आम्ही मुलंसुद्धा गॅलरीत ताटल्या बडवत "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ओरडायचो. मग गोळीबार सुरू झाला. अश्रुधुराचा झोंबरा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. नंतर कर्फ्यू लागला आणि रस्ता असा रिकामा झाला की खालचं कुत्रं भुंकलं तरी आम्ही दचकायचो.

कर्फ्यू लागायच्या आधी सकाळी बाबा गिरणीत गेले ते परत आले नाहीत. ते साचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर, होते. दुसऱ्या दिवशी मामा आला. कर्फ्यूत तो कसा आला, हे मी विचारलं नाही. आम्ही भावंडं शाळेतलं मराठी बोलायचो, पण आई आणि मामा मालवणीच बोलायचे. मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "आजोबांक बरां नाय म्हणान तार इली. बाबा गिरणीतसूनच परस्पर बोटीन गावाक गेले."

"कधी येणार?" बंडूनं विचारलं.

"कर्फ्यू उठलो की बोट येतली. बोटीबरोबर बाबाय येतले."

बंडूला ते पटलं. त्या दिवसापासून तो कर्फ्यूवरच चिडला. सकाळी उठला की गॅलरीच्या कठड्याच्या गजांतून खाली बघायचा आणि विचारायचा, "उठला का गं?" जणू कर्फ्यू म्हणजे कुणी माणूस रस्त्यात आडवा झोपलाय. पोलिसांची लॉरी गेली की तो दात-ओठ खायचा. पूर्वी तो तिला घाबरून आत पळायचा.

मला मात्र सगळ्याचीच भीती वाटू लागली होती. आमचा स्टोव्ह पेटत नव्हता. मामा म्हणायचा, रॉकेल मिळत नाही. पण शेवंताकाकूंच्या घरातून फोडणीचा वास यायचा आणि त्या आम्हाला पिठलं-भात आणून द्यायच्या. द्यायच्या ते दारातूनच, आत पाऊल न टाकता. आणि आई रोज सकाळी कुंकू लावायची. ती पूर्वीही लावायची, पण बारीक, घाईत, आरशाशिवाय. आता ती आरसा घेऊन बसायची. तरी कुंकू भुवईवर उतरायचं. ते पुसून ती पुन्हा लावायची, मोठं लावायची, आणि मग आमच्याकडे वळून आम्ही बघतोय ना, हे बघायची. काकू दारात आल्या की त्या कुंकवाकडे बघत नसत. पायाच्या अंगठ्याकडे बघत.

मी विचारू शकले असते. पण विचारलं की आई उत्तर देईल, याचीच मला भीती होती.

मग एका दुपारी कर्फ्यू थोडा वेळ सैल झाला. माणसं दूध, पीठ आणायला धावली. त्या गडबडीत जिन्यातून आवाज आला. "येतोय हं, येतोय."

पहिला मजला गेला. दुसरा गेला. मी गॅलरीत उभी होते. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन्ही बाजूंची दारं लागल्याचं मी ऐकलं. मास्तर चालत आले आणि आमच्या दाराशी थांबले.

मामा उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "मास्तर, तुमी चुकलास. हय कोण मेलेला नाय."

"असं?" मास्तर म्हणाले. "मग बरंच झालं. मी बसतो."

"कित्याक?"

"कुणी गेलेलं नसेल तर बसायला काय हरकत आहे?" आणि ते आमच्या दाराबाहेर, गॅलरीच्या फरशीवर, मांडी घालून बसले.

"उठा बघू. पोरां घाबरतत."

"ती आधीपासून घाबरलीत. मला बघून नाही."

मामा खाली वाकून दबल्या आवाजात बोलला, पण मी ऐकलं. "कर्फ्यू उठू दे. गावाक नेवन आजीकडे सांगतलंव. आता एक शब्द बोललास तर जिन्यावरसून ढकलीन."

"मी काही सांगणार नाही. माझा तसा नियमच नाही. सांगायचं तुम्ही. मी नुसता बसलोय."

आई आतून हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

मी मनाशी एकच धरून ठेवलं होतं: मास्तर तात्यांच्या वेळी चुकले होते. आजही चुकलेत. माणूस एकदा चुकतो तसा दुसऱ्यांदाही चुकू शकतो. मी हे इतक्या वेळा म्हटलं की जीभ कोरडी पडली.

बंडू खाटेखाली जाऊन लपला होता. तिथून त्यानं विचारलं, "मास्तर, तुम्ही कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडे."

"का?"

"ते आईला विचार."

बंडूनं विचारलं नाही. तो खाटेखालीच पडून राहिला.

त्यानंतर कर्फ्यू जेव्हा जेव्हा सैल व्हायचा तेव्हा मास्तर येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. कधी खडूनं फरशीवर झाड काढायचे, कधी घोडा. मामानं एकदा त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. त्यांनी खिशातले खडू काढून उन्हात वाळत ठेवले आणि तिथंच बसले. मला त्यांचा राग यायचा. ते बसलेत म्हणूनच आमच्या घरात काहीतरी झालंय, ते उठले तर काही झालेलं नसेल, असं मला वाटायचं.

अखेर एक दिवस कर्फ्यू उठला. पोरं खाली धावली, दुकानांच्या फळ्या निघाल्या. बंडूनं स्वतःच्या हातानं केसांना पाणी लावून भांग पाडला आणि बाबांनी आणलेला निळा सदरा घातला. मग तो जिन्यात जाऊन बसला. मामा त्याला म्हणाला, "बोट वायच उशिरान येतली हां." दुपारी मी त्याला जेवायला बोलवायला गेले तेव्हा जिना रिकामा होता.

मी गॅलरीत हाका मारल्या. खाली नळावर, मागच्या गल्लीत, कुठंच नाही. आई दाराची चौकट धरून उभी राहिली.  मामा पोलीस चौकीकडे पळाला. मास्तर तळमजल्यावरून बाहेर आले आणि मला म्हणाले, "त्याला काय सांगितलं होतं?"

"बोटीनं येणार म्हणून."

मास्तर वळून चालायलाच लागले. "मग तो भाऊच्या धक्क्यावर गेला असणार. चल."

दर सुट्टीत आम्ही तिथूनच गावी जायचो, बंडूला वाट माहीत होती. मला मास्तरांबरोबर जायचं नव्हतं. पण एकटीनं जायचीही हिंमत नव्हती. रे रोडच्या बाजूला लाकडाच्या वखारी बंद होत्या. रस्त्यावर काचा आणि दगड पडलेले. एका कोपऱ्यावर जळून काळं झालेलं काहीतरी होतं, ते काय होतं हे मी बघितलं नाही. पुढं बंदुका घेतलेले पोलीस उभे होते. मी मास्तरांच्या मागे सरकले. मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि लांबूनच ओरडत निघाले, "येतोय हं, येतोय!" एक पोलीस दुसऱ्याला म्हणाला, "जाऊ दे रे, येडा आहे म्हातारा." मी त्यांच्या शर्टाचं टोक धरून डोळे मिटून त्या पोलिसांसमोरून गेले. ज्याला मी जन्मभर घाबरत होते त्याचाच शर्ट माझ्या मुठीत होता.

धक्क्यावर कोकणची बोट लागली होती. माणसं सुक्या मासळीच्या, आमसुलांच्या वासाची गाठोडी घेऊन बाहेर पडत होती. बंडू वाटेत मध्येच उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे वर मान करून बघत होता. माणसं त्याला वळसा घालून जात होती. आम्ही पोचलो तेव्हा शेवटचे हमाल उतरत होते.

"ताई," तो म्हणाला, "सगळे उतरले."

मी मास्तरांकडे बघितलं. माझी अजून एक आशा होती, की मोठं माणूस आहे, ते काहीतरी सांगतील. पुढची बोट म्हणतील. काहीही म्हणतील.

"मास्तर, तुम्ही सांगा ना."

"मी घरचा नाही."

"मलाही कुणी काही सांगितलेलं नाही."

"खरं आहे," ते म्हणाले. "पण तुला माहीत आहे."

ते आमच्यापासून थोडे लांब जाऊन एका ओंडक्यावर बसले. मला ते मेले तर बरं, असं वाटलं. आणि ते उठून गेले तर मी काय करू, असंही वाटलं. मी बंडूसमोर उकिडवी बसले.   मी म्हणाले, "बंडू, बाबा वारले."

ते वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, माझ्याच तोंडून.

बंडू रडला नाही. त्यानं बोटीकडे बघितलं. मग एकदम घाबरून माझा हात पकडला. "आईला कोण सांगणार?"

"म्हणजे?"

"तिनं कुंकू लावलंय. शेवंताकाकू नाही लावत, काका गेल्यापासून. आईला माहीतच नाही." त्याचे डोळे मोठे झाले होते. "ताई, तिला सांगायचं नाही हं. ती मरेल."

मी त्याला समजवायला तोंड उघडलं, पण मला रडूच फुटलं. परत येताना मास्तर मधून चालले आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी. बंडू सगळी वाट पुटपुटत होता. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय.

घरी पोचलो तेव्हा आमच्या दारात माणसं जमली होती. आई धावत पुढं आली. "खंय होतंस रे? खंय होतंस?"

बंडू तिच्यापासून दोन पावलं लांब उभा राहिला. वाटेत पाठ केलेलं सगळं त्यानं एका दमात म्हणून टाकलं. "बोट उशिरा आहे, आई. धक्क्यावरच्या माणसांनी सांगितलं. बाबा उद्याच्या बोटीनं येणार आहेत. तू काळजी करू नको." बोलताना तो भिंतीकडे बघत होता, अगदी मामासारखा.

आईचा चेहरा मला विसरता येत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझा चेहरा बघून तिला कळलं की आम्हाला कळलंय. मामा घाईनं म्हणाला, "आक्का, आता नको. गावाक गेल्यार सांगूया."

"सरक," आई म्हणाली.

मास्तर आमच्याकडे पाठ करून दारात उभे राहिले आणि बघायला आलेल्यांना "चला, खाली चला" म्हणून घालवू लागले. आई जमिनीवर बसली आणि तिनं बंडूला समोर ओढलं.

"उद्या बोट येतली. पण बाबा तेच्यात नसतले. बाबा गेले, बंडू. गिरणीत छातीत कळ इली. हास्पिटलात नेल्यानी, पण वाचले नाय. कर्फ्यूत घराकडे आणूक मिळाले नाय. मामान थंयच अग्नी दिलो."

बंडू तिच्या कपाळाकडे बघत राहिला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"होय."

"तेव्हापासून?"

"होय रे."

"मग तू रडली नाहीस?"

"रडलंय रे. मोरीत. पाणी ओतताना, आवाज येव नये म्हणान."

बंडू एक पाऊल पुढं आला. मग तिच्या मांडीवर चढून बसला आणि तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "आता इथंच रड."